वन्संच्या कपाळावरची आठी

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. जेवणाच्या टेबलाशी असते किंवा कचेरीत असते, तशी मात्र नव्हे. माझी पाठ मागे कलते. पाय टेकायला पुढे फळी निघते आणि डोके ठेवायला वर एक गोल उशी आहे. डाव्या बाजूचा दांडा ओढला की बसलेला माणूस हळूहळू आडवा होतो आणि हाताने ढकलले की मी जागच्या जागी गोल फिरते.

माझा लोखंडी सांगाडा एका लहानशा कारखान्यात घडला. ज्या कारागिराने माझ्यावर मऊ गादी आणि तपकिरी रेक्झिन चढवले, तो शेवटचा खिळा ठोकून स्वतःच माझ्यावर पसरला आणि म्हणाला, "वा! हिच्यावर बसणारा सुखात राहील." त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की मला दातांच्या डॉक्टरांनी मागवले होते!

दवाखान्यातली माझी वर्षे भीतीत गेली. माझी नव्हे, लोकांची. भले भले माझ्यावर बसताच माझे हात असे आवळून धरत की रेक्झिनवर नखांचे व्रण उठत. एका पहिलवानाच्या तोंडात डॉक्टरांनी नुसता आरसा घातला, तर त्याने "आई गं!" करून बाहेरच्या रांगेतली निम्मी माणसे पळवून लावली. डॉक्टर सज्जन होते, त्यांचा हातही हलका होता. पण माझ्या उशीवर कुणी आपणहून डोके टेकले नाही. ते टेकवावे लागे. माना ताठ, जबडे घट्ट, श्वास अडकलेले. मला वाटे, एकदा तरी कुणीतरी माझ्यावर स्वस्थ विसावे.

मग विजेवर हलणारी नवी खुर्ची आली आणि मी हातगाडीवर चढले. मला एका बाईंनी घेतले होते. सगळे त्यांना ताई म्हणत. ताईंचे यजमान आजारपणात गेले होते आणि आपल्या घराच्या पुढच्या खोलीत त्या पार्लर सुरू करत होत्या. खोलीत एक आरसा, एक बेसिन, कोपऱ्यात पाण्याची किटली आणि मध्यभागी मी.

पहिल्याच दिवशी एक शिक्षिका आल्या. वर्गात ओरडून ओरडून त्यांचा जबडा दुखत होता. ताईंनी हात धुतले, पुसले आणि तळवे एकमेकांवर घासून गरम केले. तेलाचे चार थेंब बोटांवर पसरले. सुरुवात त्यांनी मानेपासून केली. मग हनुवटीच्या मधून कानापर्यंत, खालून वर, कातडी न ओढता. कानापुढे जबड्याचा सांधा असतो, तिथे बोटांनी सावकाश गोल गोल. नाकाच्या कडेने गालांवर, भुवयांच्या मधून कपाळाच्या दोन्ही टोकांना. डोळ्यांखाली फक्त अनामिका, कारण त्या बोटाला जोर कमी असतो. शेवटी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल चेहऱ्यावर.

आणि मित्रांनो, तेव्हा ते घडले. त्या बाईंचे डोके माझ्या उशीवर जड झाले. मान सुटली, खांदे खाली आले, श्वास लांब झाला. माझे हात कुणी धरलेच नव्हते. ते तळहात वर करून माझ्यावर नुसते पडून होते. त्या दिवशी मला कळले, की तो कारागीर खोटे बोलला नव्हता.

ताई कुणाला भलतीसलती आशा दाखवत नसत. कुणी विचारले, "ताई, सुरकुत्या जातील ना?" तर त्या म्हणत, "जाणार नाहीत. पण चेहरा टवटवीत दिसेल, जबडा सैल होईल आणि आज झोप छान लागेल. चालेल?" कुणाच्या गालावर मुरमे पिकली असली तर त्या तिथे हातच लावत नसत. "आधी ती बरी होऊ देत, मग या," म्हणून परत पाठवत. त्यामुळे गिऱ्हाइके कमी, पण आली ती कायमची.

एका दुपारी ताई दार लावून जेवायला उठणार, तोच बाहेर कुणीतरी खाकरले. दारात एक उंच बाई उभ्या होत्या. अर्धा चेहरा पदराने झाकलेला. ताई दचकल्या.

"वन्सं! तुम्ही?"

त्या ताईंच्या नणंदबाई होत्या. शाळेत खेळ शिकवायच्या. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला त्यांनीच लहानाचा मोठा केला होता. तोच ताईंचा नवरा. तो गेल्यावर त्या ताईंना म्हणाल्या होत्या, "माझ्याकडे राहायला ये." ताईंनी पार्लर काढायचे ठरवले, तेव्हा त्या कडाडल्या होत्या, "माझ्या भावाच्या बायकोनं लोकांची तोंडं चोळायची? हा काय धंदा झाला?" त्यानंतर त्यांनी या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता.

आता त्यांनी पदर बाजूला केला. डावा गाल लोंबला होता. ओठाचा कोपरा खाली आला होता आणि डावा डोळा मिटत नव्हता.

"सकाळी चूळ भरायला गेले, तर पाणी आपोआप बाहेर," त्या अडखळत म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, चेहऱ्याची नस सुजलीय. औषध चालू आहे. व्यायाम करायचा, हलक्या हातानं मालीश करायचं, म्हणजे सावकाश सुधारेल म्हणाले. पण आरशासमोर बसलं की मला… मला बघवत नाही गं."

ताईंना पुष्कळ काही बोलता आले असते. मी वाट पाहत होते. पण त्या एवढेच म्हणाल्या, "जेवलात का?" आणि त्यांनी मला धरून गर्रकन फिरवले. आरसा माझ्या पाठीमागे गेला.

दुसऱ्याच दिवशी ताई वन्संबरोबर दवाखान्यात गेल्या. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी कुठे, किती आणि कसा हात फिरवायचा ते ताईंच्याच बोटांना धरून दाखवले. मग वन्सं रोज दुपारी येऊ लागल्या. ताई त्यांच्या डोळ्यात डॉक्टरांनी दिलेले थेंब घालत, डावा गाल अलगद वर उचलत आणि म्हणत, "आता भुवया वर करा. हं, ओठांचा चंबू करा. गाल फुगवा."

वन्संचे डोके मात्र माझ्या उशीवर जड होत नव्हते. त्या मैदानावर उभ्या राहिल्यासारख्या ताठ आडव्या होत! ताईही कामापुरतेच बोलत.

उजवीकडे भुवई वर गेली की आठ्या उमटत. डावीकडे कपाळ पाटीसारखे गुळगुळीत राही. एकदा वन्सं म्हणाल्या, "जगातल्या बायका तुझ्याकडं सुरकुत्या घालवायला येतात आणि मी आलेय सुरकुती परत मागायला."

ताई हसल्या. किती तरी दिवसांनी त्या खोलीत दोघी एका गोष्टीला हसल्या.

त्याच दुपारी कपाळावरून फिरणारे ताईंचे हात एकाएकी थांबले. डाव्या भुवईच्या जरा वर त्यांचे बोट टेकले होते. माझ्या पाठीला टेकून उभ्या असलेल्या ताईंचा श्वास मला ऐकू येत होता.

"काय गं? दुखलं का हाताला?" वन्संनी विचारले.

"नाही. इथं… हाडाला एक लहानसा खळगा आहे तुमच्या." ताई म्हणाल्या. "ह्यांच्या कपाळावर अस्साच होता. डोकं दुखलं की मी इथंच दाबायची. मला वाटलं होतं, आता हे बोटाला पुन्हा कधी लागायचं नाही."

वन्संच्या न मिटणाऱ्या डोळ्यातून पाणी वाहत माझ्या उशीपर्यंत आले. मिटलेल्या डोळ्यातूनही आले.

"आमच्या आईलाही होता तो," त्या म्हणाल्या. "तो लहान असताना ताप आला की मी रात्रभर कपाळावर हात ठेवून बसायची. हात काढला की रडायचा." मग हळूच म्हणाल्या, "काढू नकोस. ठेव जरा तिथंच."

ताईंनी बोट तसेच ठेवले. आणि मित्रांनो, वन्संचे डोके माझ्यावर प्रथमच जड झाले. एक हात बहिणीच्या कपाळावर भावाला शोधत होता आणि ती बहीण त्या हाताखाली त्याचीच वाट पाहत होती. जो यायचा नव्हता, त्याची.

त्यानंतर मालीश करताना दोघी त्याच्याविषयीच बोलत. तो शिंकताना घर कसे हलायचे, चहात साखर नसली की कसा मुकाट्याने रुसायचा. मला तो माणूस कधी दिसला नाही, पण मलाही त्याची आठवण येऊ लागली.

औषधाने, व्यायामाने, काळाने आणि त्या हातांनी, सगळ्यांनी मिळून गुण दिला. आधी डोळा मिटू लागला. मग एके दिवशी ताईंनी भुवया वर करायला सांगितल्या आणि त्या ओरडल्याच, "वन्सं! आठी! आठी आली!" वन्सं ताडकन उठल्या, स्वतःच आरशाकडे वळल्या आणि केसाएवढी ती रेघ लहान पोरीसारख्या पुन्हा पुन्हा काढून पाहू लागल्या. ओठाचा कोपरा थोडा वाकडाच राहिला. त्या म्हणाल्या, "असू दे. पोरांना वाटेल, बाई गालातल्या गालात हसतायत."

शाळेत परत जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी फर्मान सोडले, "आता तू झोप."

"मी?" ताई गोंधळल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आले. इतकी वर्षे ताई माझ्या पाठीशी उभ्या होत्या, पण माझ्यावर कधी विसावल्याच नव्हत्या. त्या नको नको म्हणत आडव्या झाल्या. वन्संनी हात धुतले, घासून गरम केले आणि कामाला लागल्या.

"अहो वन्सं, चेहरा आहे तो! मैदान आखताय का?"

"गप्प पड. शिकतेय ना मी?"

हात हळूहळू हलका झाला. ताईंचे बोलणे तुटत गेले आणि त्या गाढ झोपल्या. दारावर कुणी गिऱ्हाईक आले, तर वन्संनी ओठांवर बोट ठेवून तिला परत पाठवले आणि पुन्हा येऊन कपाळावर हात ठेवून बसल्या.

पुढे ताईंची बोटे सांधेदुखीने आखडली. पार्लर बंद झाले. वन्सं हट्टाने त्यांना आपल्या घरी घेऊन गेल्या. मलाही न्यायचे ठरले होते, पण तिथला जिना अरुंद आणि मी दवाखान्यातली, अंगाने भारी. हमालांनी अर्ध्या जिन्यातूनच मला परत आणले. ताईंनी जाताना ओल्या फडक्याने माझी उशी पुसली. एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसली.

आता या खोलीत शिंप्याचे दुकान आहे. माझ्यावर कापडाचे गठ्ठे असतात. शिंपी चांगला माणूस आहे, मला ऊन लागू देत नाही. पण गठ्ठ्याला मान नसते, श्वास नसतो. दुपार झाली, मशीन थांबले की मला वाटते, दारात कुणीतरी खाकरेल, पदर बाजूला होईल आणि एक दमलेले डोके माझ्यावर टेकेल. त्या दोघी कुठे तरी एकमेकींच्या कपाळावर हात ठेवत असतील. सुखात असतील. मला फक्त तिथे असायला हवे होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी स्वतःसाठी काहीतरी मागावे, असा रिवाज आहे. माझी गादी उसवली आहे, दांडा गंजला आहे, पण लोखंडाला काय, ते कळ काढते. मी तुमच्याकडे दुसरेच मागते. तुमच्या घरातले चेहरे तुम्ही रोज पाहता. आईचा, बाबांचा, आजोबांचा. आज हात धुवून, गरम करून त्यांच्या कपाळावर ठेवा. फार येत नसले तरी चालेल. माणूस गेल्यावर त्याचा चेहरा डोळ्यांना फोटोतही सापडतो. बोटांना मात्र तो तेव्हाच आठवतो, जेव्हा त्याच्या हयातीत ती त्यावरून फिरलेली असतात.