साबणाने गेलेली बरकत

लूथरन चर्चच्या तळघरात त्या शनिवारी टाळ्या वाजल्या. ही साधी गोष्ट नव्हे. सुपीरियर सरोवराच्या काठची ही फिनिश मंडळी लग्नात नवरी पाहून "वाईट नाही" म्हणतात आणि घराला आग लागली तरी "जरा उकडतंय" म्हणतात. असली माणसं खुर्च्यांवर चढून टाळ्या पिटत होती, आणि तीही एका तराजूसमोर!

तराजूमागे ब्रदर डेन्झिल उभा होता. पांढरा सूट, पांढरे बूट आणि दातही तितकेच पांढरे.

"ब्रदर वेंडेल, किती आणलेत?"

"दोनशे डॉलर," वेंडेल म्हणाला. त्याची च्युइंगमची यंत्रं निम्म्या तालुक्यात होती. "सगळी पाव डॉलरची नाणी. इर्माने दोनदा मोजलीत."

"वहिनींनी मोजलं, आता वरच्याला मोजू द्या!"

त्याने नाण्यांवर मधासारखं दाट 'अभिषेकाचं तेल' ओतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि ती निथळती रास तराजूच्या तबकात लोटली. लाल आकडे थरथरले आणि थांबले: दोनशे सात.

"सात डॉलर वाढले! कुठून आले? तुमच्या खिशातून? नाही. माझ्या खिशातून? अहो, माझ्या सुटाला खिसेच नाहीत!"

पुन्हा टाळ्या. सगळ्यांत जोरात टाळ्या कायसाच्या सासूच्या. लेंपी तिचं नाव, पण नातीमुळे सगळा गाव तिला 'मुम्मू', म्हणजे आजी, म्हणायचा.

कायसा मागच्या भिंतीशी उभी होती. कडेवर दीड वर्षाची सिल्वी. तिला टाळी वाजवायला हात मोकळा नव्हता आणि मनही. कागद गिरणीत, बर्फाच्या मैदानावर, धुलाईच्या दुकानात कायसाच्या घरची खाऊची आणि सोड्याची यंत्रं होती. त्यातली चिल्लर मोजण्यात दर रविवार स्वयंपाकघराच्या टेबलावर मरायचा. म्हणून मोजायचं यंत्र घ्यायचं ठरलं होतं. कायसाने आठवडाभर वाचून दोन साधी यंत्रं निवडलीही होती. एकात नाणी आकारानुसार एकेक करून फटीतून पडत, दुसरं नोटा मोजत असे. दोन्ही मिळून सहाशेच्या आत.

डेन्झिलचा तराजू अडतीसशेचा होता. आणि घरात शिल्लक तेवढीच होती. ती तळघरातल्या जुन्या भट्टीच्या जागी नवी बसवायला ठेवलेली. त्या भट्टीवर घर तापायचं आणि तिच्या वासाने कायसाची झोप उडायची. सिल्वीच्या खोलीत तिने विषारी वायूची सूचना देणारे तीन भोंगे लावले होते. एक बिघडला तर दुसरा, दुसरा बिघडला तर तिसरा.

"ब्रदर," तिने धीर करून विचारलं, "ते कोपऱ्यातलं छोटं यंत्र कसं आहे?"

"ते?" डेन्झिलने त्याच्याकडे मेलेल्या उंदराकडे पाहावं तसं पाहिलं. "ते एकेक नाणं मोजतं, सिस्टर. एकेक! नवऱ्यावर संशय असलेली बाई मोजे मोजते, तसं!"

तळघर खदाखदा हसलं. कायसाचे कान लाल झाले.

"आठवडाभर घरी वापरा," डेन्झिल मुम्मूला म्हणाला. "तेलाची बाटली माझ्याकडून. पैसे पुढच्या शनिवारी."

तराजू घरी आला आणि बरकत सुरू झाली. मुम्मू तेल ओती, प्रार्थना म्हणे, आकडा वाढे. तीच नाणी आर्लो, म्हणजे कायसाचा नवरा, बँकेत नेई. बँक कमी पैसे जमा करी.

"बघा!" मुम्मू टेबलावर मूठ आपटून म्हणाली. "बँक खाते!"

"मुम्मू, बँक कशाला खाईल?" कायसा म्हणाली.

"तो काउंटरवरचा पोरगा पुलापलीकडचा आहे. त्याच्या आजोबाला कोणी ओळखतं का इथे?"

पाठोपाठ बँकेचा निरोप आला, की नाणी कृपया तळून आणू नयेत. मुम्मूने त्यातही सैतानाचा हात पाहिला. आर्लो गप्प राहिला. आई आणि बायको यांच्यात उभं राहायचं तर गप्प राहणंच बरं, हे तो लग्नात शिकला होता.

गुरुवारी सिल्वीने टेबलावरचं एक तेलकट नाणं उचललं आणि तोंडात घातलं. कायसाने झेप घेऊन ते काढलं, पोरीला उलटं धरलं, सुलटं केलं, डॉक्टरांना फोन लावला. "गिळलं नाही ना? मग काही नाही," डॉक्टर म्हणाले. पण हिचं समाधान होईना. तिने सगळी चिल्लर बादलीत ओतली, भांडी घासायचा साबण टाकून खसाखसा धुतली, टॉवेलवर कोरडी केली आणि कोणी बघायच्या आत पुन्हा तबकात ठेवली.

सकाळी तीनशे एकवीस दाखवणारा तराजू आता तीनशे दहा दाखवत होता.

मुम्मू किंचाळली. "काय केलंस हे?"

"धुतली. पोरीच्या तोंडात..."

"आशीर्वाद धुऊन टाकलास! साबणाने! माझ्या घरात!"

"मुम्मू, साबणाने निघतो तो आशीर्वाद की तेल?"

"उगाच शब्दाला शब्द वाढवू नकोस."

कायसाने वाढवला नाही. तिने नाणी हाताने मोजली. तीनशे दहा. तेल ओतलं: पुन्हा तीनशे एकवीस. हाताने मोजली, बोटं बरबटली, तरी तीनशे दहाच. मग तिने स्वयंपाकघरातल्या फडताळाकडे नजर टाकली.

शनिवारी तळघरात उभं राहायला जागा नव्हती; माणसं पुन्हा खुर्च्यांवर चढली होती. जमलेल्यांनी आपापला पदार्थ आणला होता, भिंतीशी लांब टेबलावर सगळं मांडलेलं. मुम्मूच्या पर्समध्ये अडतीसशेचा चेक होता.

"ब्रदर," कायसा पुढे आली, "हे वेंडेलचे दोनशे डॉलर. मी प्रार्थना केली तर चालेल?"

"श्रद्धा असेल तर, सिस्टर!"

तिने पिशवीतून फडताळातला मॅपलचा पाक काढला आणि नाण्यांवर भदाभदा ओतला.

दोनशे अकरा.

"पाक तेलापेक्षा जास्त पावतो!" मागून कोणीतरी ओरडलं.

डेन्झिलचे दात एक क्षण झाकले गेले. "देव कशातूनही प्रकट होतो."

"मग यातूनही होईल." कायसाने तबक रिकामं करून पुसलं आणि टेबलावरचं मुम्मूचं भट्टीत भाजलेलं नवलकोलाचं कॅसरोल उचलून भांड्यासकट ठेवलं. चव्वेचाळीस डॉलर. मुम्मूने मान ताठ केली. चाळीस वर्षांत त्या कॅसरोलला एवढा भाव कोणी दिला नव्हता.

वेंडेलला राहवेना. त्याने इर्माची हिरवी जेली आणून ठेवली.

सत्त्याण्णव.

मुम्मू हळूहळू उभी राहिली.

"इर्माची जेली," ती म्हणाली, "माझ्या कॅसरोलच्या दुप्पट?"

"आकडा बोलतोय, मुम्मू," वेंडेल म्हणाला.

"तिच्यात गाजर आहे! कच्चं! हे यंत्र खोटं आहे!"

"लेंपी, तोंड सांभाळ!" इर्मा गरजली.

या गोंधळात कायसाने सिल्वीला उचलून तबकात बसवलं. पोरगी खुदकन हसली. चारशे एक्केचाळीस.

"घ्या," आर्लो म्हणाला. आठवड्यातलं त्याचं हे पहिलं वाक्य होतं. "पोरगी विकून भट्टी आणू. वरखर्च तेवढा घालावा लागेल."

पहिला हसला तो वेंडेल. मग इर्मा, मग सगळं तळघर. हसता हसता माणसं खुर्च्यांवरून उतरली, ती पुन्हा चढली नाहीत.

कायसाने पोरीला कडेवर घेतलं. "हा तराजू पैसे मोजत नाही, वजन करतो. एका नाण्याचं वजन त्याला ठाऊक आहे. एकूण वजनाला त्याने भागलं की नाणी किती ते कळतं, आणि त्यावरून डॉलर. स्वच्छ नाणी टाकली तर बरोबर सांगतो बिचारा. पण तेल घातलं तर तो तेलही नाणीच समजतो. पाकही. जेलीही. बँक खात नव्हती, मुम्मू. बँक नाणी मोजत होती, आपण तेल मोजत होतो."

डेन्झिल बाटल्या खोक्यात भरू लागला. "जिथे संशय, तिथे कृपा थांबते," तो पुटपुटला.

"कृपा थांबू दे, तू थांब," वेंडेलने दारात पाय आडवा घातला. "आधी माझी इसाराची रक्कम."

चार जणांनी आपले चेक परत घेतले तेव्हा कुठे तो पाय हलला. मुम्मूने आपला चेक पर्समधून काढला आणि सगळ्यांसमोर फाडला. जेलीचा राग त्यात किती होता आणि विवेकाचा वाटा किती, हे मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

पुढच्या आठवड्यात साधी दोन यंत्रं घरी आली. त्यानंतर भट्टी बसवणारी माणसं आली, आणि कायसा बऱ्याच महिन्यांनी रात्रभर झोपली.

"पण मला सांग," मुम्मूने एकदा भांडी पुसता पुसता विचारलं, "उद्या दुसरा कोणी आला, चांगला दिसणारा, गोड बोलणारा, तर ओळखायचं कसं?"

"त्याला विचारायचं, हे कसं चालतं? समजावून सांगितलं तर ऐकायचं, करून बघायचं. रागावला तर दार दाखवायचं."

"देवाला राग नाही येणार, असं विचारल्याचा?"

कायसाने ताट तिच्या हातातून घेतलं. "'कसं?' विचारल्याने कुठल्याच देवाचा अपमान होत नाही, मुम्मू. फक्त विक्रेत्याचा होतो."