नानांनी लावलेला चुना

रविवारी कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी माधुरी सगळ्यांचे खिसे उलटे करून बघायची. नवऱ्याच्या खिशात बिलं निघायची, लेकीच्या खिशात केसांचे रबर. त्या रविवारी सासऱ्यांच्या शर्टातून चुन्याची ट्यूब निघाली. बोटाएवढी, अर्धी पिळलेली.

माधुरी मशीनला टेकून उभीच राहिली.

दोन वर्षांपूर्वी नानांच्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले, "पण तंबाखू आजपासून बंद." मरोळच्या एका कारखान्यात लेथवर उभं राहून नानांनी चाळीस वर्षं तळहातावर तंबाखू-चुना मळला होता. दवाखान्याच्या पायरीवरच त्यांनी खिशातली डबी काढून सुनेच्या हातात ठेवली. "घे. मागितली तरी देऊ नको." डबी अजून तिच्या कपाटात साड्यांखाली होती. नानांनी ती एकदाही मागितली नव्हती. आणि आता हे!

"प्रितम, तुझ्या वडिलांनी आपल्याला चुना लावला."

"म्हणजे?"

"म्हणजे हा!" तिने ट्यूब त्याच्या नाकासमोर नाचवली.

प्रितमचा चेहरा पडला. "विचार ना त्यांना."

"मी का? वडील तुझे."

"डबी तुझ्या हातात दिली होती ना? मग तूच विचार."

दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. चट्ट्याची भीती होतीच, पण माधुरीला त्याहून वेगळीच धास्ती होती. विचारलं आणि नाना खोटं बोलले तर? दोन वर्षं ती ज्याला त्याला सांगत आली होती, आमच्या नानांनी एका दिवसात सोडली म्हणून.

नाना मात्र मजेत होते. हॉलच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये रंगाच्या चार रिकाम्या बादल्यांत त्यांनी टोमॅटो लावले होते. "जालन्याचं बी आहे, बघशील कसे टमाटे येतात," अशी घोषणा त्यांनी बिल्डिंगभर केली होती, आणि झाडं खरंच मस्त लगडली होती. तोडलेले टोमॅटो ते स्वतः विळीवर चिरून वाटीत घालून आणून द्यायचे. हे ऐकून ऑफिसातली गंधाली म्हणाली होती, "यार, तुझे सासरे महिनाभर भाड्याने दे ना!"

सोमवारी ऑफिसला जाताना माधुरी कुंडलिकच्या पानटपरीपाशी थांबली.

"जयभीम, वहिनी."

"जयभीम. आमचे नाना येतात का हो इथे?"

"येतात ना. पंधरा दिवसांनी एक चुना नेतात."

"आणि तंबाखू?"

"ती नाही. मी म्हटलं, नाना, नुसता चुना काय पोळीला लावता? तर हसले नुसते."

म्हणजे तंबाखू दुसरीकडून घेतात! वा रे नाना. संध्याकाळी तिने बॅटरीच काढली. "नाना, आ करा बघू. चेतनाच्या शाळेत सांगितलंय, घरातल्या सगळ्यांचे दात तपासा." चेतनाने वहीतून डोकं वर काढून आईकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत घातलं. शहाणी पोर. नानांनी गरिबासारखा आ केला. चट्टा नव्हता, वास फक्त कांद्याचा. माधुरीचं समाधान काही झालं नाही.

शनिवारी सुट्टी होती. सकाळी ती दूध घेऊन आत आली तर नाना खिडकीपाशी पाठमोरे उभे. डावा तळहात पुढे आणि उजवा खांदा हळूहळू हलतोय. ते हलणं ती लग्न झाल्यापासून ओळखत होती.

"नाना!"

नाना दचकले आणि वळले. तळहात उघडाच होता. त्यावर वाळलेल्या चुन्याचे खडे, बाकी काही नाही. कठड्यावर मगभर पाणी. आणि बादलीमागे लपवलेले तीन टोमॅटो, वरून गोंडस, बुडाला काळे, खोल गेलेले.

"झालं, घालवलीस इज्जत," नाना म्हणाले.

"हे काय आहे?"

"बुडं सडतात गं. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल, असं झालं की टमाटा रुसतो. चुना मिळत नाही त्याला. आता रोज सारखं पाणी देतो, आणि पंधरा दिवसांनी चुन्याची वरची निवळी."

माधुरीच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "म्हणजे ते चिरलेले टोमॅटो..."

"वरचा भाग चांगला असतो. काळं काढून टाकायचो. बिल्डिंगभर फुशारकी मारून बसलो होतो, काय करू?"

"अहो, सांगायचं ना! ट्यूब बघून माझा जीव अर्धा झाला."

"ट्यूब बघितलीस तर तू काय समजशील, म्हणून तर लपवत होतो. आता कळलं, तो आ कशाला होता!"

माधुरीला हसू फुटलं. मग तिने पुन्हा त्यांच्या तळहाताकडे पाहिलं. "पण खडे पाण्यातही फुटतात की, नाना. हातावर कशाला मळायचे?"

नानांनी अंगठा तळहातावर एकदा फिरवला. "रोज आठवण येते गं तिची. तोंडाची सवय मोडली, अंगठ्याची नाही मोडत. म्हटलं, त्याला तेवढं फिरू द्यावं."

माधुरीने पाण्याचा मग उचलून त्यांच्या हाताखाली धरला.

तीन आठवड्यांनी नानांनी पहिल्यांदा अख्खा टोमॅटो तिच्या हातावर ठेवला. तिने आधी तो उलटा केला. बूड लालबुंद, गुळगुळीत.

त्याच संध्याकाळी ती टपरीवर गेली. "कुंडलिकभाऊ, एक चुना द्या."

कुंडलिकने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वहिनी, तुम्ही पण?"

"आता घरात मीच आणणार," माधुरी म्हणाली. घरी येऊन तिने कपाटातली डबी काढली, घासूनपुसून लख्ख केली आणि ट्यूब तिच्यात घालून ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.