चाळीस पावलं

पाझर तलावाच्या पायाची चर दोन पुरुष खोल गेली होती. दुष्काळी कामावर गुलाबबी आणि भिमाबाई जोडीनं असत. गुलाबबी खाली माती उकरायची, भिमाबाई पाटी भरून वर न्यायची. त्या दिवशी सकाळी भिमाबाई पाटी घेऊन वर पोचली आणि तिच्या मागं चरीचा काठ ढासळला. मोठा आवाज झाला नाही. धान्याचं पोतं टाकावं, तेवढाच.

गुलाबबी ओणवी होती म्हणून तोंडापुढं ओंजळभर जागा राहिली. हात हलेना, छाती फुगेना. आधी वरचा गलका ऐकू येत होता, मग तोही बंद झाला. त्या काळोखात तिला बापाचं बोलणं आठवलं. मयताला माती देऊन माणसं चाळीस पावलं लांब गेली, की कबरीत दोन फरिश्ते येतात आणि विचारतात, तुझा रब कोण? तुझा दीन, तुझा धर्म कोणता? तुझा नबी कोण?

तिला वाटलं, माणसं गेली. चाळीस पावलं झाली. आता येतील.

कलमा म्हणायला तिनं तोंड उघडलं तर माती आत आली. आणि कलमा आठवेना. पहिला 'ला' आठवला, पुढं काहीच नाही.

भिमाबाईनं आणि मल्लिनाथ मुकादमानं हातांनी माती उकरून तिला बाहेर ओढलं, तेव्हा ती डोळे मिटूनच बोलत होती, "आले का?"

"कोण आले?" भिमाबाईनं विचारलं.

"दोघं."

हाडं शाबूत होती. पण त्या दिवसापासून गुलाबबीला घराच्या आत जाववेना. दारातून वाकून शिरायची वेळ आली की घाम फुटायचा. वाऱ्यानं पदर तोंडावर आला तरी ती किंचाळायची. गावात मुसलमान पिंजाऱ्यांचं तेवढं एकच घर. नवरा गेल्यापासून तीही एकटीच. ईदेला तालुक्याच्या गावी भूमला जायचं, एवढाच दीनाशी संबंध. बाकी बोलणं-चालणं गावासारखंच. बापानं लहानपणी कलमा शिकवला होता, तो कधी निसटला ते तिला कळलंही नव्हतं.

आठ दिवसांनी तिनं भिमाबाईला सगळं सांगितलं.

"मला जबाबच देता आला न्हाय, भिमा. खरंच मेले असते तर काय केलं असतं म्या?"

भिमाबाई म्हणाली, "आमी छप्पन साली दीक्षा घेतली, तवा 'बुद्धं सरणं' माझ्या तोंडात बसंना. मला बी लई भ्या वाटायचं, चुकले तर काय हुईल? शिकले हळूहळू. तू बी शीक. उद्या भूमचा बाजार हाय, मी येते संगं."

"मशिदीतले हाफिजसाब म्हणतील, तू मुसलमानच न्हाईस."

"म्हणू दे की. ऐकून तर येऊ."

एसटीत गुलाबबी खिडकीची दांडी घट्ट धरून बसली होती. भूममध्ये मशिदीला लागून असलेल्या घराच्या ओसरीवर हाफिज बशीरुद्दीन बसले होते. दाढी पांढरीशुभ्र, डोळ्यांत मोतीबिंदू. दोघींना त्यांनी बसायला चटई दिली. गुलाबबीनं खाली बघतच सगळं सांगितलं. कलमा विसरल्याचंही सांगितलं.

हाफिजसाहेब रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "मातीत असताना कुणाला हाक मारलीस, बेटी?"

"नाव सुचलं न्हाय. मनातच म्हणलं, तू एकटाच हाईस, मला काढ."

हाफिजसाहेबांनी डोळे पुसले. "एकटाच हाईस, हेच तर कलम्यात आहे. ला इलाह इल्लल्लाह. त्याच्याशिवाय बंदगीच्या लायक कुणी न्हाय."

मग ते सांगू लागले. मक्केजवळच्या डोंगरात हिरा नावाची गुहा होती. पैगंबरसाहेब तिथं एकटे बसत. एकदा जिब्रील फरिश्ता आला आणि म्हणाला, वाच. ते म्हणाले, मला वाचता येत नाही. फरिश्त्यानं त्यांना असं आवळलं, की सोसवेना. सोडलं, पुन्हा म्हणाला वाच, पुन्हा आवळलं. तीनदा. मग अल्लाहचा पहिला कलाम, कुराणाचं पहिलं वचन, उतरला.

गुलाबबीनं मान वर केली. "मग?"

"मग ते थरथरत घरी आले. बीबी खदिजांना म्हणाले, मला पांघरूण घाला, मला पांघरूण घाला."

"त्यांना भ्या वाटलं?"

"वाटलं. बीबींनी पांघरूण घातलं, धीर दिला. म्हणाल्या, तुम्ही नात्याला जपता, दुबळ्याचं ओझं उचलता, अल्लाह तुम्हाला कधी टाकणार न्हाय. सगळ्यात आधी ईमान आणलं ते त्यांनीच."

गुलाबबी रडायला लागली. रडतच तिनं विचारलं, "कबरीतले ते दोघं कोणत्या बोलीत इचारतात?"

"मी गेलो न्हाय अजून, बेटी. मलाबी त्या सवालांचं भ्या वाटतं. पण ज्यानं तुझी जीभ घडवली त्याला तुझी बोली कळत नसंल का?"

दुपारपर्यंत त्यांनी तिच्याकडून 'मुहम्मदुर रसूलुल्लाह', म्हणजे मुहम्मद अल्लाहचे दूत, इथपर्यंत सगळा कलमा घोटून घेतला. नमाज, रोजा, जकात, हजचंही सांगितलं. म्हणाले, हे जमेल तसं शीक, घाई नको. भिमाबाई शेजारी बसून सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी गुलाबबी कामावर गेली. चरीच्या तोंडाशी तिचे पाय रोवल्यासारखे थांबले. मल्लिनाथ म्हणाला, "वर थांबा बाई, खाली दुसऱ्या कुणाला धाडतो."

"न्हाय. वर ऱ्हायले तर रोजच भ्यावं लागंल."

ती उतरू लागली. खालून गार मातीचा वास आला आणि तिचा श्वास अडकला. तिनं मोठ्यानं म्हटलं, "ला इलाह इल्लल्लाह, मुहम्मदुर..." पुढचं गेलंच. एक ढेकूळ घरंगळत तिच्या पायाशी आलं.

"रसूलुल्लाह!" वरून भिमाबाई ओरडली.

"रसूलुल्लाह," गुलाबबी म्हणाली, आणि तळाला पोचून तिनं कुदळ उचलली. दुपारपर्यंत ती माती उकरत राहिली. जेवायच्या सुट्टीत दोघी ढिगाऱ्यावर बसल्या, तेव्हा भिमाबाईनं तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.