धाकट्याचा उन्हाळा

घरातल्या कॉम्प्युटरला धाकटा म्हणायचे. नाव बायकोनं ठेवलेलं. ती घरीच बसून लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडून द्यायची. यंत्र कामाला पुरेना झालं, तेव्हा नवं न आणता तिनं त्याचाच वेग वाढवला, बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त. याला ओव्हरक्लॉक म्हणतात, एवढं नवऱ्याला ऐकून माहीत. तो शाळेची बस चालवायचा. बसला वेग वाढू नये म्हणून कुलूप लावलेलं असायचं, आणि इथे घरात बायको कुलूप काढून बसलेली. यावरून तो तिला कायम चिडवायचा.

वेग वाढवला की ती धाकट्याची परीक्षा घ्यायची. एक प्रोग्राम असतो, तो यंत्राला न थांबता अवघड गणितं घालत राहतो. गणित चुकलं किंवा पडदा निळा पडला, की समजायचं, हा वेग त्याला झेपत नाही. परीक्षा चालू असताना ती भाजी चिरायची, कपडे वाळत घालायची, आणि मधूनच येऊन कॉम्प्युटरच्या पेटीवर हात ठेवायची. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

ती थंडीत गेली. ऊन तापायला लागलं आणि धाकटा आजारी पडला. नवरा तिचे जुने घरगुती व्हिडिओ बघत बसायचा आणि तिचं हसणं अर्ध्यावर असतानाच पडदा निळा व्हायचा. शेवटी त्यानं लेकीला फोन केला.

लेक आली ती पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "भाऊ काय म्हणतो?"

"मान टाकतोय."

"बाबा, सोपं आहे. मूळ वेगावर आणून ठेवते. तुम्हाला व्हिडिओच बघायचेत ना? तेवढ्याला मूळ वेग रग्गड झाला."

"नाही."

"नाही काय?"

"तो वेग तिनं लावलाय." त्याला पुढचं नीट सांगता येईना. कपाटातल्या साड्या वाटून झाल्या होत्या. चष्मा लेकीनं नेला होता. बायकोनं स्वतःच्या हातानं लावलेली आणि अजून चालू असलेली ही एकच गोष्ट घरात उरली होती. "तपास, दुरुस्त कर, काय हवं ते कर. तेवढं पुसू नकोस."

लेक टेबलाशी वाकली आणि तशीच थबकली.

पेटीवर घडी घातलेलं जाड कापड होतं आणि त्यावर आईचा फोटो. माणसं भेटायला येऊ लागली तेव्हा त्यानंच तो तिथे ठेवला होता. ती बसायची ती जागा तीच, म्हणून. पेटी उघडीवाघडी बरी दिसत नाही म्हणून बाजूचं झाकणही त्यानं शोधून, स्क्रू पिळून घट्ट बसवलं होतं.

"बाबा, गरम हवा वरच्या जाळीतून बाहेर पडते. तुम्ही तिच्यावर आईला बसवलंय. आईनंच धाकट्याचा श्वास कोंडलाय!"

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तो मात्र ओशाळला. त्यानं फोटो उचलून खिडकीत ठेवला, कापड काढलं, झाकणाचे स्क्रू सोडवले. आत धुळीचा थर होता. लेकीनं रंगाच्या जुन्या ब्रशनं तो झाडला, पंख्याची पाती पुसली आणि परीक्षा लावली.

दोघं चहा घेऊन समोर बसली. पंखा घोंघावू लागला. तो दर घोटाला पडद्याकडे बघत होता.

"असं बघू नका, घाबरेल तो," लेक म्हणाली.

चहा संपला तरी धाकटा उभा होता. लेक कप विसळून आली तरी उभा. बापाला वाटलं, सुटलो. आणि पडदा निळा पडला.

"आता खोलीच तापलीय हो," लेक हळू म्हणाली. "खाली आणावाच लागेल. आईसुद्धा आणायची."

"काय आणायची?"

"वेग. ऊन वाढलं की एक पायरी खाली, थंडी आली की वर. दर वर्षी. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. त्याला वाटायचं, एकदा लावला तो लावला. आता आठवलं, उन्हाळ्यात ती म्हणायची, "अहो, धाकट्याला ऊन लागलंय, जरा सांभाळते त्याला." आणि तो वर न बघता हं म्हणायचा. म्हणजे जो वेग तो जपत बसला होता, तो थंडीतला होता. ती असती तर आतापर्यंत तिनं स्वतःच उतरवला असता. उलट त्यालाच फटकारलं असतं, की एवढं ऊन झालं तरी पोराला तसंच पळवताय.

"मूळ वेगावर नको," तो म्हणाला. "एकच पायरी. आणि मी करतो. तू कुठलं बटण ते सांग."

यंत्र बंद करून चालू केलं. लेकीनं दाखवलेल्या जागी त्यानं आकडा एका पायरीनं कमी केला. परीक्षा पुन्हा लावली.

या वेळी तो पडद्यासमोर बसला नाही. वाळलेले कपडे काढून आणले, घड्या घातल्या, लेकीसाठी भाजी चिरायला घेतली. मधे एकदा येऊन त्यानं पेटीवर हात ठेवला. कोमट होती. ऊन भिंतीवरून सरकून गेलं तरी गणितं चालूच होती.

"झाला पास," लेक म्हणाली. "करू बंद?"

"अजून थोडं चालू दे. आणि थंडीत परत वर न्यायचाय."

"मी येईन की तेव्हा."

"ये. जेवायला ये," तो सुरी धूत म्हणाला. "वेग मी वाढवीन."