आज कुणी गेलं न्हाई

आखाडा बाळापूरच्या बाजारात, खताच्या दुकानावरच्या खोलीत रेडिओ केंद्र होतं. कागदावर ते एका संस्थेचं. पण संस्थेचे सगळे सभासद एकाच चुलीवर जेवणारे. जळबा बोलायचा, मुलगा रत्नपाल मशीन सांभाळायचा, मुलगी संध्या फोन घ्यायची आणि जळबाची बायको चतुराबाई संस्थेची अध्यक्ष असल्यामुळे भाकरीचा डबा घेऊन यायची.

सकाळी हळदीचे भाव, दुपारी गाणी. ते कोणी फार मन लावून ऐकायचं असं नाही. पंचक्रोशी कान द्यायची ती निरोपाला. कोण वारलं, माती किती वाजता, कुठून निघणार. आणि ज्या दिवशी कोणी वारलेलं नसे, त्या संध्याकाळी जळबा म्हणायचा, "आज कुणी गेलं न्हाई. जेवून घ्या." हे ऐकल्याशिवाय म्हातारी माणसं ताटावर बसत नसत.

मोबाईलवर जिता माणूसही आठवड्यातून दोनदा मरतो आणि खाली फुलं वाहणाऱ्यांची रांग लागते. जळबानं सांगितलं की मात्र मेला तो मेलाच. प्रेत अंगणात असलं तरी भावकी अडून बसायची, "आधी जळबाला सांगू द्या, मग उचला." जन्मभर ज्याच्याशी बांधावरून भांडले त्याच्याही मातीला माणसं यायची. करणार काय? निरोपच मिळाला नाही, असं म्हणायची सोय जळबानं कोणाला ठेवली नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात नांदेडला जळबाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. संध्यानं निरोप वाचून पाहिले. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. पण डोंगरकड्याहून संतरामचा फोन आला. हा संतराम रोजचा ऐकणारा, त्याहून रोजचा बोलणारा.

"पोरी, तू लई छान वाचतीस. पण खरं वाटत न्हाई. जळबाभाऊला दे."

मग रत्नपालनं जुनी रेकॉर्डिंगं काढली. बापानं इतक्या वर्षांत इतकी गावं, नावं, वेळा उच्चारल्या होत्या की तुकडे जोडून कोणाचीही मौत तयार होत होती. जळबा गळ्याला मफलर गुंडाळून खिडकीत बसायचा. खालून कोणी जयभीम केला, रामराम केला की नुसता हात उचलायचा. लोक म्हणायचे, "रेडिओवर बोलतो, माणसात बोलाया तकलीफ होती. मोठा झाला!" चोरी पचली.

एके दिवशी पहाटे जळबा गेला.

चतुराबाई रडली नाही. म्हणाली, "समद्या मुलखाच्या मातीला यानं माणसं लावली. याच्या मातीला रस्ता पुरला न्हाई पाहिजे."

"निरोप कोनाच्या आवाजात देऊ, माय?" रत्नपालनं विचारलं.

"तुज्या बापाच्या."

"मेलेला माणूस सोताच्या मौतीचं कसं सांगंल?"

शेवटी संध्यानंच आपल्या आवाजात सांगितलं: माझे बाबा गेले, माती चार वाजता. फोन लगेच वाजला.

"काहून असं बोलून राहिली, पोरी?" संतराम ओरडला. "कालच तर बोलला भाऊ!"

"काका, ती रेकॉर्डिंग व्हती. बाबांचा आवाज कवाच गेला."

"मंग मागल्या महिन्यात आमच्या नरसिंगाच्या मौतीचं सांगितलं, ते बी रेकॉर्डिंगच म्हन की. जेवनावरून उठून पळालो आमी."

"ते खरं व्हतं, काका."

"आवाज खोटा अन् मौत खरी? बापाशी भांडण झालं असंल तर घरातच मिटव. संध्याकाळी भाऊला बोलू दे, मग बघू."

चार वाजले. गल्लीतली माणसं आली, खाली खत विकणारा आला, लांबचे दोन पाहुणे आले. चतुराबाई रस्त्याकडे पाहत होती. "जरा थांबा. डोंगरकड्याची जीप येऊन राहिली असंल." जीप आली. खचाखच भरलेली. तशीच बाजाराकडे गेली. भंतेजींनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा चतुराबाईकडे. ऊन उतरलं तेव्हा तिनंच मान हलवली. खांदा बदलायला माणूस नव्हता. ज्यांनी उचललं त्यांनीच शेवटपर्यंत नेलं.

सगळे परतल्यावर चतुराबाई घरात शिरली नाही. सरळ केंद्राचा जिना चढली. मागून पोरं.

"निरोपाची वेळ झाली. लाव."

"काय लावू?" रत्नपाल म्हणाला.

"रोजचं."

"माय, आजच्या दिवस तरी..." संध्यानं रत्नपालचा हात धरला.

"ज्यांला मेलेला नको, त्यांला जिताच दे."

रत्नपालनं बटण दाबलं. जळबाचा खणखणीत आवाज गावागावांत पोचला, "आज कुणी गेलं न्हाई. जेवून घ्या."

फोन वाजला. या वेळी चतुराबाईनं उचलला.

"म्हनलं नव्हतं का मी, वैनी!" संतराम हसत होता. "भाऊ बराबर हाये. पोरीला दोन चापट्या द्या, बापाचं असं बोलतेत व्हय? अन् भाऊला सांगा, आमी ताटावर बसलोत."

"सांगते," चतुराबाई म्हणाली.

तिच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नव्हती.