धुतलेल्या घराचा पंचनामा

कामवारी नदीच्या पुराचं पाणी दोन दिवसांनी वस्तीतून ओसरलं आणि बकुळाने सगळ्यात आधी खराटा हातात घेतला. तीन दिवस ती खपली. घमेली भरभरून गाळ बाहेर काढला, भिंती घासल्या, वरून चुन्याचा हातही मारला. चौथ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला येणार होता. सरकारी माणूस दारात येणार म्हटल्यावर घर लख्ख हवं, यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. या बौद्ध वस्तीतल्या बायांची ही जुनी खोड. ‘आपल्याला घाण म्हणायची संधी कुणाला द्यायची न्हाय,’ असं तिची सासू मरेपर्यंत बजावत होती.

तलाठी आला, ‘घर छान ठेवलंय हो’ म्हणाला, चहा प्यायला आणि लिहून गेला: नुकसान आढळले नाही. कौतुक एवढं महाग पडलेलं कुणी पाहिलं नसेल.

मदतीची यादी लागली तेव्हा बकुळाचं नाव नव्हतं. शेजारच्या अनंताचं मात्र होतं. पाणी चढायला लागल्यावर हा गडी कुलूप लावून अकलोलीला बहिणीकडे पळाला होता, तो पंचनाम्याच्या दिवशी सकाळी परतला. त्याच्या घरातला गाळ जागच्या जागी होता. तो बघून तलाठ्याने पान भरून लिहिलं.

बकुळा राहनाळच्या गोदामांतल्या तीस हमालांना डबे द्यायची. पुराने शेगडी खाल्ली, पातेली नेली, डब्यांतलं पीठ भिजवून टाकलं. ‘दीदी, एक महिना रुकता हूँ, फिर दूसरा देखना पड़ेगा,’ असं मुकादमाने सांगून ठेवलं होतं. मदत आली तर चूल पेटणार होती, नाहीतर तीस डबे कायमचे गेले. आणि हरकत घ्यायला शुक्रवारपर्यंतच मुदत होती.

“आई, दोन घमेली चिखल मारू भिंतीला,” तिची मुलगी स्नेहल म्हणाली. “फोटो काढू, लावू अर्जाला. पलीकडच्या गल्लीत लोकांनी तेच केलंय.”

“मारून बघ,” बकुळा म्हणाली. “हात मोडून ठेवीन. पाणी खरंच आलं होतं ना? मग खोटं कशाला दाखवायचं?”

गुरुवारी ती तहसील कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली. आतल्या कारकुनाने अर्ज उलटापालटा केला.

“मावशी, चिखलाचा फोटो आहे का?”

“न्हाय. धुतलं मी.”

“मग कशावरून समजायचं, पाणी आलं होतं?”

“यादीत अनंताचं घर हाय ना?” बकुळाचा आवाज चढला. “त्याची नि माझी मधली भिंत एकच हाय. भिंतीच्या तिकडं पाणी छातीभर नि हिकडं कोरडं? पाण्याला काय माझ्या दारात येताना लाज वाटली?”

रांगेतले लोक हसले. बकुळा हसली नाही. तिने खिडकीची कड धरून ठेवली. दीड तास ती तिथून हलली नाही. शेवटी आतून साहेब बाहेर आले, अर्ज वाचला आणि त्यावर फेरपंचनाम्याचा शेरा मारला. उद्या सकाळी तलाठी येईल म्हणाले.

घरी येऊन तिने अनंताचं दार वाजवलं. त्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून तशीच होती. अनंताला ती पुसायचा कंटाळा आला होता, आणि त्याच्या आळसाने जन्मात पहिल्यांदा कुणाचं भलं व्हायची वेळ आली होती. ही रेघ उद्या तलाठ्याला मोजू दे, असं बकुळाने त्याला सांगितलं.

“वहिनी, नको ना,” तो पडेल तोंडाने म्हणाला. “उकरून काढलं तर माझं बी नाव कापतील.”

“कापलं तर तुझ्यासाठी पण त्याच खिडकीशी उभी राहीन. पण उद्या दार उघडं ठेव.”

अनंताने रात्रभर काय विचार केला कोण जाणे, सकाळी दार उघडं होतं. तलाठ्याने त्याच्या भिंतीवर टेप लावली. जमिनीपासून साडेचार फूट. मग तो बकुळाच्या घरात आला, पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे बघत उभा राहिला आणि ओशाळून लिहायला बसला. पंच म्हणून अनंताने सही केली.

“मावशी, खरं सांगू?” वही मिटत तलाठी म्हणाला. “चार दिवस घाण तशीच ठेवली असती, तर एवढी पायपीट झाली नसती तुमची.”

बकुळाला एकदम भरून आलं. सासूच्या जागी, सगळ्या वस्तीच्या जागी आपणच उभ्या आहोत असं तिला वाटलं.

“पुन्हा पाणी आलं तरी मी घर धुणारच, साहेब,” ती म्हणाली. “चार दिवस घाणीत बसून तुमची वाट बघायची आमची रीत न्हाय. तुम्ही दुसऱ्या दिवशी येत जा.”

बकुळाने पायात चपला सरकवल्या.

“आता चला. या गल्लीत धुतलेली अजून तीन घरं हायत. त्यांचे अर्ज माझ्याकडं हायत.”