हनुवटीखालची टाचणी

मोती तिथे नव्हता. खोटाच, पिवळट पडलेला, मोहरीहून जरा मोठा मोती, टाचणीच्या डोक्यावर बसवलेला — हनुवटीखाली बोट नेलं की आधी तो लागायचा, मग कापडाची घडी, मग गळा. आणि आत्ता बोट थेट गळ्यावरच गेलं. तिने ते पुन्हा नेलं. हरवलेली वस्तू दुसऱ्यांदा चाचपली तर ओशाळून जागेवर येईल, अशी माणसाला एक वेडी आशा असते. मोती काही ओशाळला नाही. गळ्याला नुसता वारा लागत होता, पंख्याचा, बारीक, जिथे गेली सहा वर्षं कामावर असताना वारा लागलाच नव्हता.

तिने हनुवटी खाली केली आणि स्कार्फची सुटी कड तिच्याखाली दाबून धरली. समोर टेबलावर लहान मुलांचे कोट पडले होते — लाल, टोपीवाले, दोन-तीन वर्षांच्या पोरांच्या मापाचे, टोपीला आतून सशाच्या पोटासारखं मऊ अस्तर. उलटा कोट सुलटा करायचा, टोपीत हात घालून अस्तर फुगवायचं, बाह्या मागे वळवायच्या, पिशवीत सरकवायचा. बारा झाले की खोकं, खोक्याला चिकटपट्टी, पट्टीवर नंबर. जेवणाच्या सुट्टीत टाचणी जागेवर होती; त्यानंतर दोन खोकी बंद झाली होती. म्हणजे चोवीस टोप्या. चोवीसही टोप्यांवर ती ओणवी झाली होती, आणि त्यातल्या कुठल्यातरी एकीच्या मऊ पोटात… आधी टेबलाखाली बघ. आधी टेबलाखाली तर बघ.

टेबलाखाली दोरे होते, एक बटण होतं, आणि तिची स्वतःची चप्पल, जी कधी पायातून निघाली ते तिला कळलंही नव्हतं. हनुवटी छातीला चिकटवून वाकायचं म्हणजे बगळ्याने स्वतःच्याच पोटात मासा शोधावा तसं दिसत असणार. ती उठली तेव्हा काचेपलीकडून सुपरवायझर तिच्याकडेच बघत होती. तिने चप्पल घालायला वाकल्याचं नाटक केलं.

या कारखान्यात सुई-टाचणीचा जेवढा धाक होता तेवढा मालकाचाही नव्हता. मशीनची सुई मोडली तर तिचे तुकडे शोधून, कागदावर जुळवून, चिकटवून दाखवल्याशिवाय नवी सुई मिळत नसे. एकदा टोकाचा एवढासा कण सापडेना तेव्हा अख्खी रांग दुपारभर गुडघ्यांवर रांगली, आणि शेवटी तो सुपरवायझरच्याच मोज्यात निघाला — निदान सांगणाऱ्या तसं सांगतात, आणि दर वेळी मोजा आणखी घाणेरडा होत जातो. अशा जागी सातजणींनी डोक्याला स्कार्फ बांधून, तोही टाचून, यायचं ही परवानगी मिळवायला अकरा महिने लागले होते. अटी कागदावर होत्या. प्रत्येकीला तीन सेफ्टी पिना, ऑफिसने दिलेल्या. गेटवरच्या मोजणीबाईने आत येताना तीन मोजायच्या, जाताना तीन मोजायच्या. हॉलमध्ये पिनेला हात लावायचा नाही. अगदीच वेळ आली तर गेटवर जाऊन, मोजणीबाईसमोर. आणि शेवटची ओळ — एक जरी हरवली तरी परवानगी रद्द, सातहीजणींची.

सेफ्टी पिना. मोत्याच्या टाचण्या नव्हेत.

पण आज पाहुणी येणार होती. हे कोट जिथे विकायचे त्या देशाची, कोट विकत घेणाऱ्या कंपनीची बाई, कामगारबायकांचं बरं चाललंय ना ते बघायला. आणि हिने आज राखाडी-निळा, तलम, जपून ठेवलेला स्कार्फ काढला होता, ज्याला सेफ्टी पिनेने चाळण पडली असती. म्हणून अम्मीच्या डबीतल्या तीन टाचण्या. एक कानशिलावर, एक खांद्यावर, एक हनुवटीखाली.

“आज मोती?” मोजणीबाई म्हणाली होती. “कुणाचं लग्न?”

“पाहुणी येतेय ना.”

“मग जा बाई नटून. तीन म्हणजे तीन, मला काय.”

नटूनच. जिचं तोंडही पाहिलं नव्हतं अशा बाईसाठी मी सकाळी आरशासमोर पाव तास उभी होते — बघ, असं दिसतं ते, नीट दिसतं की नाही, घाबरण्यासारखं काही आहे का यात, सांग… आणि जेवढं नीट दिसावं म्हणून धडपडले तेवढंच नेमकं ढिलं राहिलं.

तिने तिसऱ्या खोक्यातला चौथा कोट घेतला. टोपीत हात घातला, तळव्याने, बोटांनी, नखांनी. काही नाही. पाचवा. काही नाही. या खोक्यात ती असणारच नव्हती. हे चहानंतरचं होतं आणि चहाच्या वेळी पाणी पिताना मान वर केली तेव्हा… तेव्हा होती का? आठवेना. बंद खोक्याची पट्टी कापायची तर सुपरवायझरची सही लागे आणि सहीला कारण लागे. आणि पट्ट्यावरचं ते मशीन, कपड्यात लोखंड असलं की ओरडणारं, ते या कोटांसाठी दोन दिवस बंदच होतं; कोटांना लोखंडी टिचबटणं होती, मशीन प्रत्येक कोटावर बोंब मारायचं, शेवटी मॅनेजरने त्याचा प्लग काढला. आज पाहुणीसाठी ते पुन्हा चालू होतं आणि त्यावरून नुसते टॉवेल ये-जा करत होते, मोठ्या ऐटीत.

तिची स्वतःची मुलगी दीड वर्षाची असताना एकदा दोन तास रडली होती. लहान मूल कुठे दुखतंय ते सांगत नाही, ते सगळीकडूनच रडतं. पोट असेल म्हणून पोट चोळलं, कान असेल म्हणून कानात तेल घातलं, नवरा तिला खांद्यावर घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिला, आणि जितकं छातीशी घट्ट धरावं तितकी ती जास्त रडे — कारण टाचणी दुपट्यात होती, आणि घट्ट धरणाऱ्या हातानेच ती आत जात होती. पाठीवर लाल ठिपका होता, मोहरीएवढा. तेव्हापासून त्या घरात टाचणी डबीतच राहिली. आजपर्यंत.

“मान अवघडली का गं?” शेजारच्या टेबलावरून आपा म्हणाली. आपा सातजणींत सगळ्यात मोठी. परवानगीच्या अर्जावर पहिली सही तिची.

“नाही.”

“मग कोंबडीसारखी का बसलीस?” आणि मग आपाची नजर हनुवटीपाशी येऊन थांबली. हातातली बाही हातातच राहिली. “तिसरी कुठंय?”

तिने फक्त खोक्यांकडे पाहिलं.

“खाली बघितलंस?”

“बघितलं.”

आपाने कोटाची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. “हे बघ पोरी. पडली असेल रस्त्यात. काय?”

“गेटवर तीन मोजल्या, आपा.”

“मग बाथरूममध्ये पडली. गेली पाण्याबरोबर. सुटताना माझ्या पर्समधली लाव, मोजणीबाई काय मोती बघत बसणारेय?” तिचा आवाज आणखी खाली गेला. “माझ्या घरात मी एकटी मिळवती. उद्या म्हणाले स्कार्फ काढ नाहीतर घरी जा, तर मी काय काढू ते तू मला सांग. सातजणी आहोत आपण. चार वाजता गाडी येईल, खोकी जातील. गप्प बस.”

भिंतीवर सव्वातीन झाले होते.

पाहुणीबाई आली ती थेट तिच्याच टेबलापाशी. करडे आखूड केस, रुंद हात, चेहरा असा भला की त्यावर रागावायला जागाच नाही. स्टूल ओढून ती समोर बसली, आणि मॅनेजर मध्ये उभा राहिला, दुभाष्या म्हणून. तो असा दुभाष्या होता की त्याच्या एका बाजूने घागर ओतली तर दुसऱ्या बाजूने वाटी निघायची.

“बाई विचारतायत, हा हिजाब तुझा तूच घेतलास का?”

हा प्रश्न तिला सवयीचा होता. अम्मीने विचारला होता, जिने जन्मात डोकं झाकलं नाही — “आम्ही काय आजवर उघड्या फिरलो?” नवऱ्याने विचारला होता — “मी कधी सांगितलं का तुला? लोक मलाच नावं ठेवतील.” बसमधल्या अनोळखी बायकांनी नजरेने विचारला होता. आणि उत्तर दर वेळी असं होतं की सांगायला घेतलं की निसटायचं: एका साध्या दिवशी, कुणी गेलेलं नसताना, कुणी आलेलं नसताना, आरशासमोर तिने कापड डोक्यावरून घेतलं, आणि आतमध्ये कुठेतरी एक दार हळूच लागलं, जसं घरात सगळे झोपल्यावर आपण आपल्या खोलीचं लावतो, कुणावर रुसून नाही, फक्त आपल्यापाशी बसायला… हे तिने सांगितलं, जमेल तसं, मान खाली ठेवून.

मॅनेजरने ते तीन शब्दांत सांगितलं.

पाहुणीबाई तिच्या खाली घातलेल्या मानेकडे बघत राहिली. मग तिने रुंद हात तिच्या हातावर ठेवला. तो उबदार होता.

“बाई म्हणतायत, त्यांच्यासमोर मान खाली घालायची गरज नाही. मान वर कर.”

मान वर करता येत नव्हती. केली असती तर कड सुटली असती, गळा उघडा पडला असता, आणि तिसरी कुठंय हा प्रश्न हॉलभर झाला असता. तिने हनुवटी आणखी दाबली. पाहुणीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ, आणि हिला कळलं की त्या वहीत आपण कायमच्या अशाच बसून राहणार — मान खाली, बोलू न दिलेल्या. हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण त्या बाईला वाटत होतं की या कापडात काहीतरी टोचणारं आहे, आणि ते खरं होतं.

मग पाहुणीबाईने कोट उचलून गालाला लावला. तिला नात आहे, मॅनेजर म्हणाला, अडीच वर्षांची, लाल रंग फार आवडतो. “घ्या ना एक,” म्हणत त्याने स्वतःच्या हाताने त्या दोन बंद खोक्यांपैकी दुसऱ्याची पट्टी टर्रकन फाडली — त्याला कुणाची सही लागत नव्हती — आणि वरचा नाही, मधला एक ओढून काढला.

“द्या,” ती म्हणाली. “घडी घालून देते.”

तिने टोपीत हात घातला. अस्तर, शिवण, कोपरे. बाह्यांत कोपरापर्यंत हात. खिसे. कॉलरची दुमड तिने अशी चाचपली की आंधळ्याने चेहरा चाचपावा. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिच्या अंगातून सुटकेचा लोट गेला… वाचली, ती अडीच वर्षांची वाचली, लाल आवडणारी. आणि लोट ओसरला तेव्हा खाली उरलं ते तिला दिसलं. उरलेली तेवीस. त्यांना आजी नव्हती, आवडता रंग नव्हता. ती नुसती मापं होती, दोन ते तीन. या बाईला माझ्या डोक्यावरचं कापड तेवढं दिसतं म्हणून मी सकाळपासून मनात तिला नावं ठेवतेय, आणि मला तरी… या टोप्यांमध्ये मला कुठे कुणी दिसलं?

सुपरवायझरने नवी पट्टी ओढली. ती ओढताना होणारा आवाज. दाराबाहेर गाडी मागे येत होती, थांबत, पुन्हा मागे येत. आपा शेजारी कोट सुलटे करत होती, डोळे वर न उचलता, फार हळू.

पाहुणीबाई उठली, आणि जाता जाता थांबली.

“बाई विचारतायत, तुला काही सांगायचंय का? मोकळेपणी सांग म्हणतायत.” मग मॅनेजर स्वतःचं जोडून म्हणाला, “नाही म्हण आणि आवर, चार वाजले.”

सांगायचं होतं ते चार शब्दांचं होतं. आणि हिने काहीही सांगितलं तरी ते वाटीतूनच पलीकडे जाणार होतं. पलीकडची बाई दुसरंच काहीतरी ऐकायला कान करून उभी होती. आणि सहाजणी, पाठमोऱ्या, न वळता ऐकत होत्या. बोलायचं तर हनुवटी उचलावी लागते, एवढी साधी गोष्ट तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होती. तिने ती उचलली. कड सुटली, घडी उलगडली, तलम कापड गळ्यावरून घसरत खांद्यावरच्या टाचणीशी अडकून राहिलं, आणि पाहुणीबाईचा चेहरा उजळून निघाला, जणू ती याच क्षणासाठी एवढी लांब आली होती. आता हा क्षण ती घरी नेईल, नातीला सांगेल, लाल कोट घातलेल्या नातीला… नेऊ दे. गळ्याला वारा लागत होता. लाज वाटेल असं तिला वाटलं होतं, वाटली नाही. भीती होती, पण त्या डोळ्यांची नव्हती, वहीची नव्हती. ती आता फार लहान होती, मोहरीहून जरा मोठी, कुठेतरी मऊ अंधारात कुणाच्या तरी घट्ट मिठीची वाट बघत पडलेली, आणि ती सर्वस्वी माझी होती. जिभेवर पहिला शब्द आला होता. तो कुणाच्या कानात काय होऊन पडेल याचा विचार, सकाळपासून पहिल्यांदाच, तिच्या मनात नव्हता.